घरच्या मीटरबोर्डाचा इतिहास

या व्याख्यानमालेत इतिहासाचा एखादा विषय घ्या, असे चालकांनी आम्हांस सुचविले. राजेरजवाड्यांचा आणि लढायांचा इतिहास सांगणारे विद्वान या व्यासपीठावर येऊन गेले आहेत, पुढेही येतील. आमचे शाळेतले शिक्षण थोडे. जे काही वाचन झाले ते कामगार युनियनच्या कचेरीत, दोन सभांच्या मधल्या वेळात. म्हणून आम्ही आमच्या आवाक्यातली एक वस्तू निवडली आहे. आपल्या कुरुंद्यातल्या जुन्या घरांत दारामागे, भिंतीवर उंच ठोकलेला लाकडी बोर्ड अजून पुष्कळ ठिकाणी दिसतो. त्यावर एक मीटर, एक लोखंडी मेन स्विच आणि पांढऱ्या चिनी मातीचे दोन किटकॅट. या बोर्डाकडे लाईट गेल्याखेरीज कोणी पाहत नाही. परंतु त्याच्या अंगावर गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो वाचता न आल्यामुळे माणसे आजही जायबंदी होतात, प्रसंगी मरतात. त्यामुळे हा विषय लहान आहे असे आम्हांस वाटत नाही.

प्रथम किटकॅटविषयी. 4 सप्टेंबर 1882 रोजी एडिसनने न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीटच्या केंद्रातून गिऱ्हाइकांच्या घरी वीज पोचविली. तारेतून ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक प्रवाह गेला तर तार तापते, तिच्यावरचे आवरण जळते आणि घर पेट घेते, ही अडचण तेव्हाच उघड झाली. तीवर जो तोड निघाला तो शेतकऱ्यालाही सहज पटावा असा आहे. वाटेत एके ठिकाणी मुद्दाम कच्ची, लवकर वितळणारी तार घालावयाची. प्रवाह वाढला की तीच आधी तुटेल आणि बाकीची तार वाचेल. हाच फ्यूज होय. 1884 च्या सुमारास इंग्लंडमधील विल्यम प्रीस याने किती जाडीची तार किती प्रवाहाला वितळते याचा नियम मांडला. त्या नियमाप्रमाणे तारेची जाडी दुप्पट केली तर वितळण्याचा प्रवाह दुप्पट न होता जवळजवळ पावणेतीनपट होतो. ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता बोर्डावर किटकॅट दोन का, हा प्रश्न. सुरुवातीच्या काळात घरोघरी जी वीज जाई ती बहुधा एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे डीसी असे. त्या पद्धतीत घरात येणाऱ्या दोन्ही तारा जिवंत असू शकत. म्हणून दोन्हींत एकेक फ्यूज घालण्याची चाल पडली आणि त्या काळापुरती ती रास्तच होती. पुढे एसी आली. आपल्या गावातल्या डीपीवर पाहिले तर न्यूट्रलची तार जमिनीशी जोडलेली असते. आता जिवंत तार एकच उरली, ती फेजची. फ्यूज तिच्यातच हवा. न्यूट्रलमध्ये फ्यूज ठेवला आणि तोच आधी वितळला तर काय होते? घरातले सगळे दिवे विझतात, पंखे थांबतात, घरात वीज नाही असे दिसते. पण फेज होल्डरपर्यंत, पंख्यापर्यंत, प्रत्येक बोर्डापर्यंत जिवंतच असते. भारतीय वीज नियम, 1956 यांतील 32 व्या नियमाने न्यूट्रलमध्ये असा सुटा फ्यूज किंवा स्विच घालण्यास मनाई केली. मात्र नियम बदलला तरी फिटिंग करणाऱ्यांचा हात बदलला नाही. उस्तादाने दोन किटकॅट ठोकले, शागिर्दानेही दोन ठोकले. 1956 नंतर कितीतरी वर्षांनी बांधलेल्या घरांतून आम्ही हे जोडकिटकॅट पाहिले आहेत.

यंत्राचा हा इतिहास झाला. आता आपल्या मुलखाचा थोडा पाहू. आपण 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होतो. हैदराबाद संस्थानात वीजखाते 1910 मध्ये स्थापन झाले आणि 1920 मध्ये हुसेनसागराच्या काठी औष्णिक केंद्र उभे राहिले. परंतु त्या उजेडाचा लाभ मुख्यत्वे राजधानीला. इकडे मुंबईच्या गिरण्यांना टाटांची खोपोलीची वीज 1915 पासून मिळू लागली होती, आणि मराठवाड्यातले खेडे मात्र रॉकेलच्या चिमणीवर होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र झाला, आणि त्याच वर्षी जूनमध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झाले. तेव्हाच्या परभणी जिल्ह्यात पूर्णेवर येलदरीचे धरण झाले. तेथे 1968 मध्ये साडेसात-साडेसात मेगावॅटचे तीन संच चालू झाले. 1971 च्या सुमारास परळीला 30 मेगावॅटचा पहिला औष्णिक संच आला. हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो 1 मे 1999 रोजी. तोवर आपल्या भागातल्या खांबांवरच्या तारा जुन्या झाल्या होत्या.

या काळात ज्या घरात लाईट आली त्या घरात ती किती आली, याचा हिशेब मांडून पाहू. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर येतात. एवढे गणित पुरे. 60 वॅटचे चार दिवे म्हणजे 240 वॅट, रेडिओ 40, आणि ऐपत असल्यास 75 वॅटचा एक पंखा. एकूण 355. भागिले 230, म्हणजे दीड अँपिअर. त्यासाठी 5 अँपिअरचा किटकॅट आणि सागवानी पट्टीवर क्लिपांनी बसविलेली 1/18 ची तार भरपूर होती. ज्यांनी ते बोर्ड ठोकले त्यांचे चुकले असे कोणी म्हणू नये. त्यांनी दीड अँपिअरच्या संसाराला तिप्पट जागा ठेवली होती.

त्यानंतर दोन गोष्टी घडल्या. पहिली तारेची. तांबे बाहेरून आणावे लागे, परकीय चलनाची टंचाई होती, आणि ॲल्युमिनिअम देशात होत होते. म्हणून 1960 नंतरच्या काळात घरांतूनही ॲल्युमिनिअमची तार वापरली गेली. देशाच्या दृष्टीने ते समजण्यासारखे होते. परंतु ॲल्युमिनिअम स्क्रूखाली दबून हळूहळू सरकते, त्यावर न दिसणारा गंज चढतो, जोड सैल होतो आणि सैल जोड तापतो. अशा घरात प्रवाह मर्यादेत असतानाही बोर्डाच्या मागे लाकूड काळे पडलेले दिसते. बोर्ड बदलताना पुढचे किटकॅट काढून मागे तीच तार ठेवली, तर धोका जागच्या जागी राहिला असे समजावे.

दुसरी गोष्ट भाराची. दूरदर्शन आले, मिक्सर आला, फ्रीज आला, बोअरवरची मोटार आली, पाणी तापविण्याचा रॉड आला व मागोमाग गिझर आला. सरकारी योजनांनी गरिबाच्या घरीही वीज नेली. 1988-89 च्या कुटीर ज्योती योजनेत एका दिव्याची जोडणी मिळाली, 2005 मध्ये राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजना आली आणि 2017 मध्ये सौभाग्य. या योजनांचे महत्त्व आम्ही कमी लेखीत नाही. ज्याने चिमणीच्या धुरात अभ्यास केला आहे त्याला ते सांगावे लागत नाही. मात्र मोजदाद झाली ती जोडण्यांची. एका दिव्याच्या त्या जोडणीवर दहा वर्षांनी कूलर आणि इस्त्री चालते, याची मोजदाद कोणत्याच कागदावर झाली नाही.

त्यातच 2005 नंतरची भारनियमनाची वर्षे आठवावी. आठ-आठ, दहा-दहा तास लाईट नसे. ती आली की घरातला प्रत्येकजण आपापले काम उरकायला धावे. मोटार चालू, मिक्सर चालू, इस्त्री चालू, टाकीत पाणी चढतेच आहे तोवर रॉडही बादलीत. एरवी दिवसभर पसरला असता तो भार अर्ध्या तासात गोळा होई, आणि किटकॅटची तार वितळे. वायरमनला बोलवावे तर तो चार गावे सांभाळणारा. येईपर्यंत लाईट पुन्हा जायची. मग घरातला कर्ता पुरुष स्टुलावर चढे आणि जी तार हाताशी लागेल ती किटकॅटमध्ये पिळून घाली. प्रीसच्या नियमाने पाहिले तर एक मिलिमीटर जाडीची तांब्याची तार वितळायला 80 अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो. म्हणजे किटकॅट वितळणे बंद झाले, घरात शांतता झाली, आणि आता कच्ची कडी म्हणून भिंतीतली 1/18 ची तार उरली. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तो प्रकार हाच. किटकॅट भार वाढल्याचे सांगत होता, आणि आपण त्याचेच तोंड बंद केले.

येथे आम्हांस एक प्रसंग सांगणे भाग आहे. 1996 मध्ये आमच्या ओळखीचा एक तरुण खासगी फिटिंगची कामे करून पोट भरीत असे. एका घरी रात्री लाईट गेली म्हणून त्याला बोलावले. शेजारी दिवे होते, या घरात अंधार होता. सर्वांनी, त्यानेही, घरात वीज नाही असेच धरले. शिडीवर चढून त्याने पंख्याच्या जोडास हात घातला. न्यूट्रलचा किटकॅट जळालेला होता. फेजच्या किटकॅटमध्ये जाड तार होती. तो शिडीवरून खाली फरशीवर पडला. जीव वाचला, पण खुबा मोडला आणि उजव्या हाताची तीन बोटे पुढे कधी वळली नाहीत. टेस्टर का लावला नाहीस, मेन बंद का केला नाहीस, असे त्याला आलेल्या प्रत्येकाने विचारले. प्रश्न बरोबर होते. मात्र तो बोर्ड तसा का होता, हा प्रश्न कोणी विचारला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी.

त्याच्या भरपाईसाठी आम्ही 1923 चा कामगार नुकसानभरपाई कायदा उघडला. त्यात कामगाराच्या व्याख्येतून नैमित्तिक कामावरचा आणि मालकाच्या धंद्याबाहेरच्या कामासाठी लावलेला माणूस वगळलेला होता. घरमालकाचा धंदा वीज दुरुस्तीचा नव्हता आणि काम एका रात्रीचे होते. कायद्याने तो तरुण कामगारच ठरला नाही. 2000 च्या दुरुस्तीने ते वगळणारे शब्द गेले, याचे आम्हांस समाधान आहे. परंतु तोपर्यंत त्याने पानाची टपरी घातली होती. तेव्हापासून कोणत्याही घरात गेलो की आमची नजर आधी दारामागे जाते.

आता नव्या साधनांविषयी. आज ज्याला आपण एमसीबी म्हणतो ती आपोआप पडणारी कळ जर्मनीत ह्यूगो श्टोट्स याच्या कारखान्यात 1924 मध्ये निघाली. भार थोडा अधिक झाला तर तिच्यातली धातूची पट्टी तापून वाकते, शॉर्ट झाले तर चुंबक तत्काळ खेचतो, आणि कळ पडते. तिची तार बदलावी लागत नाही. म्हणून तीत जाड तार घालण्याचा मोहच उरत नाही. किटकॅटवरचा तिचा खरा मोठेपणा हा आहे. तथापि एमसीबी घराचे रक्षण करते, माणसाचे नव्हे. माणसाच्या शरीरातून 30 मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह काही क्षण गेला तरी जिवावर बेतू शकते. 16 अँपिअरच्या एमसीबीला त्याच्या पाचशेपट प्रवाह गेला तरी आपल्या मर्यादेतलाच वाटतो. माणसासाठी वेगळे साधन लागते. जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांची ते तुलना करते आणि मध्येच काही गळाले की वीज तोडते. दक्षिण आफ्रिकेत 1955 च्या सुमारास हेन्री रुबिन याने असे साधन तयार केले ते सोन्याच्या खाणींसाठी. पुढे त्याचे घरगुती रूप झाले. आपल्या बाजारात ते आरसीसीबी या नावाने मिळते. खाणीतल्या मजुरांच्या जिवासाठी निघालेली वस्तू आज न्हाणीघरातल्या आपल्या मुलाबाळांचे रक्षण करते, हे कामगार चळवळीतल्या माणसाने अभिमानाने सांगावे.

बोर्ड बदलावयाचा म्हणजे काय करावयाचे? पुष्कळ लोक दुकानातून मोठ्यात मोठी एमसीबी आणतात, म्हणजे ती वारंवार पडणार नाही. ही जाड तारेचीच नवी आवृत्ती होय. सुरुवात भाराच्या यादीपासून करावी. एका मध्यम घराची हिवाळ्यातली सकाळ घेऊ. गिझर 2000 वॅट, मोटार 500, मिक्सर 750, इस्त्री 1000, फ्रीज 200, चार पंखे 300 आणि एलईडी दिवे 72. थंडीत पंखे बंद असतील, परंतु हिशेबात ते धरावेत. एकूण 4822 वॅट, म्हणजे 21 अँपिअर. उन्हाळ्यात दीड टनाचा एसी लावला तरी गिझर आणि इस्त्री बंद असल्यास बेरीज यापेक्षा कमीच भरते. म्हणून एकाच वेळी काय चालते ते पाहावे, घरातल्या सगळ्या वस्तूंची आंधळी बेरीज करू नये. या घराला 32 अँपिअरचा मुख्य स्विच पुरतो. मंजूर भार मात्र एक किलोवॅट असेल तर तो पाच करून घ्यावा लागेल, आणि खांबावरून येणारी सर्व्हिस वायर, मीटर व त्यापुढची तार हे सर्व 32 अँपिअर पेलणारे हवे.

आतल्या वाटणीला नियम एकच: भारापेक्षा एमसीबी मोठी, आणि एमसीबीपेक्षा तारेची ताकद मोठी. दिवे-पंख्यांना दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि 6 अँपिअरची एमसीबी. मोठ्या प्लगला अडीचची तार आणि 16 ची. गिझरला स्वतंत्र चारची तार आणि 20 ची. मोटार सुरू होताना क्षणभर कितीतरी पट प्रवाह ओढते, म्हणून तिच्यासाठी सी प्रकारची एमसीबी घ्यावी. न्यूट्रल अखंड ठेवावा, आणि तोडावयाचा तर फेजबरोबर एकाच दांड्याने तोडला जाईल असा मुख्य स्विच असावा. सर्वांवर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी. जुन्या घरात ती लावली की पुष्कळदा वारंवार पडते, कारण जुन्या तारांतून वीज कोठेतरी गळत असते. मग लोक तिला बगल देऊन थेट तार जोडतात. किटकॅटचा इतिहास येथे पुन्हा घडू पाहतो. ती पडते तेव्हा गळती शोधावी.

कुरुंद्यापुरते आणखी एक सांगणे आहे. जुलै 2022 मध्ये अतिवृष्टीने गावात पुराचे पाणी घरांतून शिरले, ते आपण कोणी विसरलो नाही. धान्य भिजले, वह्या-पुस्तके भिजली. गाळात बुडालेला स्विच किंवा एमसीबी उन्हात वाळवून पुन्हा बसवू नये. आत गाळ राहतो आणि वेळेला कळ पडत नाही. ती फेकून द्यावी. नवा बोर्ड त्या पुराच्या खुणेच्या वर बसवावा. खर्चाचा प्रश्न येथे खरोखरच बिकट आहे, हे आम्ही जाणतो. ज्याचे धान्य वाहून गेले त्याला बोर्ड बदल म्हणणे सोपे नाही. म्हणूनच पूरग्रस्तांच्या पंचनाम्यात भिंत आणि भांडी यांच्या जोडीला मीटरबोर्डही लिहिला जावा, अशी आमची मागणी आहे.

शेवटी जबाबदारीचा मुद्दा. मीटरपर्यंतचे सामान पुरवठादाराचे, मीटरपुढचे घरमालकाचे, अशी कायद्याची रेषा आहे. 2005 मध्ये वीज मंडळाची विभागणी होऊन महावितरण कंपनी झाली तरी ती रेषा तशीच राहिली. तिचा परिणाम पाहा. चकती फिरणारा मीटर गेला, आकडे दाखविणारा आला, आता स्मार्ट म्हणविणारा येतो आहे. आमच्या डोळ्यांदेखत मीटर बदलला, कारण तेथून पैसा मोजला जातो. त्याच फळीवर चार बोटे पलीकडे असलेला किटकॅट पन्नास वर्षे कोणी बदलला नाही, कारण तेथे फक्त जीव मोजला जातो. कंपनीने तो बदलावा असे कायदा म्हणत नाही. परंतु नवा मीटर बसविणाऱ्या माणसाने शेजारचा जोडकिटकॅट पाहून घरमालकाला लेखी चिठ्ठी द्यावी, एवढे तरी होण्यासारखे आहे. आयटीआयमध्ये तारतंत्री आणि वीजतंत्री शिकणारी आपली मुले आहेत. ग्रामपंचायतीने त्यांच्या शिक्षकांच्या देखरेखीखाली आळीआळीने जुन्या बोर्डांची नोंद करवून घेतली तर मुलांना शिक्षण मिळेल आणि गावाला यादी.

आणि आपण घरमालकांनीही एक करावे. फिटिंगचे काम देताना आपण पॉइंटाला किती घेणार एवढेच विचारतो आणि त्यात घासाघीस करतो. अर्थिंग तपासणे, न्यूट्रल पाहणे, प्रत्येक जोड आवळणे, याला तास-दोन तास लागतात. त्या तासांची मजुरी कोणी देत नाही, म्हणून ते काम होत नाही. परवानाधारक माणसाला बोलवावे, आणि त्याच्या तपासणीचे तास मजुरीत वेगळे धरून द्यावेत. 1996 च्या त्या रात्रीआधी कोणी त्या बोर्डाची तासभर तपासणी करवून घेतली असती, तर आमचा तो मित्र आजही फिटिंगची कामे करीत असता.

आज व्याख्यान आटोपून आपण घरी जाल. दार लावताना वर पाहा. किटकॅट किती आहेत ते मोजा. दोन असले तर हात लावू नका. सकाळी जाणत्या माणसाला बोलवा.